बोलता येणार नाही त्या दिवसासाठी: अपंगत्वासह जगताना आजारपणाची आधीच करायची तयारी

व्हीलचेअरवर बसून दवाखान्यात गेलं की प्रश्न बहुतेक वेळा मला विचारला जात नाही, खुर्ची ढकलणाऱ्याला विचारला जातो. "काय होतंय त्यांना?" मी समोर बसलेली असते, पूर्ण शुद्धीवर, फाईल माझ्याच मांडीवर, तरी उत्तर भावानं द्यायचं. कोल्हापुरातल्या कुठल्याही अपंग माणसाला विचारा, त्याला हा अनुभव नवा नाही. मग ज्या दिवशी खरंच बोलता येणार नाही, ताप मेंदूपर्यंत गेलेला असेल किंवा तोंडात नळी असेल, त्या दिवशी माझ्या वतीनं कोण बोलणार आणि काय बोलणार? हे आधीच ठरवायचं, लिहायचं आणि योग्य माणसांच्या हातात देऊन ठेवायचं, एवढीच ही तयारी. वकील, नोटरी, विमा या गोष्टी त्यात येतात, पण नंतर.

हा विषय काढला की लोकांना वाटतं, "मला मशीनवर ठेवू नका" असं लिहून द्यायचा तो कागद. धडधाकट माणसाच्या बाबतीत बहुधा तेवढंच असतं. आपल्या बाबतीत त्याच्या आधी आणखी एक वाक्य यावं लागतं: माझ्यावर उपचार करा. अपंग माणसाला अनोळखी वॉर्डात दोन्ही बाजूंनी धोका असतो. नको असलेले उपचार लादले जाऊ शकतात, आणि हवे असलेले, सहज बरे करणारे उपचार "आता कशाला त्रास द्यायचा बिचाऱ्याला" म्हणून राहूनही जाऊ शकतात. यात सहसा कुणाचा वाईट हेतू नसतो. आपल्या जगण्याबद्दल समोरच्याचा अंदाज चुकलेला असतो, इतकंच.

हा अंदाज किती चुकतो याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७१४ डॉक्टरांना विचारलं होतं. तीव्र अपंगत्व असलेल्यांचं जगणं इतरांपेक्षा हलक्या दर्जाचं असतं, असं त्यातल्या ८२ टक्क्यांहून अधिक डॉक्टरांना वाटत होतं. उलट १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांनाच विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, अतिदक्षता विभागात कुणाला घ्यायचं हे ठरवण्यासाठी अशक्तपणाची एक मोजपट्टी सुचवली गेली. रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, यावर ती गुण द्यायची. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच सुधारणा करावी लागली: सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व किंवा कायमचं स्थिर अपंगत्व असलेल्यांना ही मोजपट्टी लावू नका. आंघोळीला मदत लागते म्हणून न्यूमोनिया बरा होणार नाही, हा निष्कर्ष कुठल्याच शास्त्रात बसत नाही. पण रात्री दोन वाजता, आपल्याला कधीच न पाहिलेल्या डॉक्टरपुढे हे कुणीतरी मांडावं लागतं. ते काम कागदानं करायचं.

पहिला कागद: माझं नेहमीचं कसं असतं

माझ्या मते सगळ्यात उपयोगी कागद हाच, आणि लोक नेमका हाच करत नाहीत. त्याला वकील नको, स्टॅम्प पेपर नको. एका पानावर मोठ्या अक्षरात लिहायचं की मी बरी असते तेव्हा कशी असते. बोलणं, हालचाल, जेवण, लघवी-संडास, श्वास, झोप, रक्तदाब, औषधं. डॉक्टरला तुमचं कालचं रूप माहीत नसेल तर आज काय बिघडलंय हे त्याला कळणार कसं?

मणक्याच्या दुखापतीचं उदाहरण घ्या. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब नेहमी ९० ते ११० च्या आसपास असू शकतो. तो अचानक १४० वर गेला, डोकं ठणकायला लागलं, चेहऱ्याला घाम फुटला, तर साध्या नजरेला "थोडं बीपी वाढलंय" एवढंच दिसतं. या माणसासाठी मात्र तो धोक्याचा इशारा असतो. बहुतेक वेळा कारण कमरेखाली असतं: मूत्राशय तुंबलेलं, लघवीसाठी घातलेली कॅथेटरची नळी मुडपलेली, किंवा पोट साफ न झालेलं. अशा वेळी त्याला आडवं करायचं नसतं. उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी तपासायची. वेळेत लक्षात आलं तर आराम पडतो, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होण्यापर्यंत जातं. ज्यांना हे लागू आहे त्यांच्या पानाची पहिली ओळ हीच असली पाहिजे, आणि तीही लाल शाईनं.

दुसरी अवस्था, दुसरी ओळ. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू क्षीण होत जाणारा आजार, असलेल्या मुलाला भूल देताना सक्सिनिलकोलिन हे औषध आणि हुंगून घ्यायच्या काही भूल-वायू जीवघेणे ठरू शकतात. शिवाय त्याच्या श्वासाचे स्नायू कमजोर झालेले असतील तर श्वासाला आधार न देता नुसता ऑक्सिजन सोडल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठत जाऊ शकतो. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असेल तर स्नायूत इंजेक्शन नको, अॅस्पिरिन नको. जन्मतः मणका उघडा असलेल्या, म्हणजे स्पायना बिफिडाच्या मुलांमध्ये लेटेक्स रबराची अॅलर्जी बरीच आढळते, म्हणून हातमोजे आणि नळ्या दुसऱ्या लागतात. डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे नळी घालताना मान जपून हाताळावी लागते. कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर एमआरआयच्या आधी ते सांगावंच लागतं. यातलं आपल्याला काय लागू आहे, हे नेहमीच्या डॉक्टरांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली त्यांची सही-शिक्का घ्या. घरच्यांनी तोंडी सांगितलेलं आणि डॉक्टरच्या शिक्क्यानिशी लिहिलेलं, यांना कॅज्युअल्टीत वेगवेगळी किंमत असते. आवडो न आवडो, असंच चालतं.

बोलता न येणाऱ्या माणसाच्या पानावर "हो" आणि "नाही" ची खूण लिहा. डोळे वर म्हणजे हो, मान डावीकडे म्हणजे नाही, जे काही असेल ते. दुखलं की तो काय करतो तेही लिहा. काही जण रडत नाहीत, एकदम गप्प होतात, हात चावतात किंवा हसतात. बहिऱ्या माणसानं आपल्याला सांकेतिक भाषा लागते की लिहून दाखवलेलं चालतं ते लिहावं. माझ्यासारख्या, कमरेखाली संवेदना नसलेल्यांनी दर दोन तासांनी कूस बदलायची हे ठळक लिहावं. स्ट्रेचरवर सहा-सात तास तसंच पडून राहिलं तर मूळ आजार चार दिवसांत बरा होतो आणि पाठीवरची जखम भरायला चार महिने लागतात.

हे पान एकट्यानं लिहू नका. त्याच अवस्थेत वर्षानुवर्षं जगलेल्या माणसाला सोबत घ्या. कोल्हापूरला यात मोठा वारसा आहे. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि पाय गेलेली माणसं एकमेकांना जगायला शिकवू शकतात हे या शहरानं पाहिलं. कॅथेटर, गादी, जखम यांबद्दल अशा जुन्याजाणत्या माणसाला जे ठाऊक असतं, ते पुस्तकात शोधायला वेळ लागतो.

माझ्या वतीनं कोण

सज्ञान माणसाच्या उपचाराला संमती त्याचीच लागते, नातेवाइकाची नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ सालीच समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलंय. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आणखी पुढं जातो. कलम १३ म्हणतं की अपंग माणसाला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. निर्णय घ्यायला आधार लागला तर तो घेता येतो, आणि आधार देणारा माणूस बदलायचा हक्कही त्याच्याकडेच राहतो. कलम २५ नुसार दवाखान्याचा प्रत्येक भाग अडथळ्याविना वापरता आला पाहिजे आणि तपासणी-उपचारात प्राधान्य मिळालं पाहिजे. म्हणून शुद्धीवर असताना "मलाच विचारा" असं म्हणण्यात उद्धटपणा मुळीच नाही.

बायकांनी आणि मुलींच्या आयांनी कलम १० ध्यानात ठेवावं. मूल होण्याची क्षमता संपवणारी कुठलीही शस्त्रक्रिया अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं १९९४ साली काढली गेली. पाळीची स्वच्छता राखता येत नाही हे कारण तेव्हा सांगितलं गेलं. तो इतिहास आपल्याच राज्यातला आहे.

शुद्ध हरपल्यावर काय होतं, इथं बऱ्याच जणांची गफलत होते. "भावाच्या नावे मुखत्यारपत्र केलंय, झालं" असं लोक म्हणतात. साधं मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की ते निकामी होतं, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच. उपचारांसाठी आपला माणूस नेमायचे आपल्याकडचे रस्ते वेगळे आहेत.

त्यातला पहिला म्हणजे लिव्हिंग विल, ज्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्यात त्याला मान्यता दिली, पण पद्धत इतकी किचकट होती की फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं; आधी यासाठी न्यायदंडाधिकारी लागायचे. त्यात आपल्या वतीनं बोलणाऱ्या एकाहून अधिक जणांची नावं घालता येतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरला द्यायची आणि एक महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. विचार बदलला तर लेखी रद्द करता येतं, नवं करता येतं.

हे इच्छापत्र केव्हा लागू होतं ते नीट समजून घ्या, कारण भीती तिथंच असते. आजार बरा होण्याची आशा संपलेली, उपचार नुसते मरण लांबवत आहेत, आणि तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, अशा वेळीच. तेव्हाही एकटा डॉक्टर ठरवत नाही. रुग्णालयातलं तीन डॉक्टरांचं मंडळ पाहतं, मग दुसरं मंडळ पाहतं, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो. तुम्ही नेमलेल्या माणसांची संमती घेतली जाते, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं. मालमत्तेवर डोळा असलेल्या नातेवाइकाला सहज वापरता येईल असं हत्यार हे नाही.

आपल्यासाठी यात एक वाक्य अत्यावश्यक आहे: "माझं अपंगत्व हा अखेरचा आजार नाही." पुढं तपशील. "मला मशीन नको" असं मोघम लिहू नका. रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र, लावून झोपणाऱ्या मुलाचं ते यंत्र म्हणजे त्याची रोजची झोप आहे, आणि पोटात घातलेल्या नळीनं जेवणाऱ्याची ती नळी म्हणजे त्याचं ताट. ती तशीच चालू राहिली पाहिजेत, हे लिहा. मग नवं काय हवं, काय नको ते: "न्यूमोनिया झाला तर व्हेंटिलेटर लावा, दोन आठवडे प्रयत्न करा, त्यानंतर सुधारणेची शक्यता उरली नाही असं डॉक्टरांचं मत झालं तर माझ्या माणसांशी बोलून ठरवा." मुदत घालून दिलेला असा प्रयत्न डॉक्टरांनाही समजतो आणि घरच्यांनाही पेलतो. हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचं की नाही, हेही पूर्ण शब्दांत लिहा. "सीपीआर नको" असं कोल्हापुरात लिहिलंत तर निम्मे लोक समजतील की तुम्हाला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, ज्याला इथं सगळे सीपीआरच म्हणतात, न्यायचं नाही.

मानसिक आजारासाठी रस्ता वेगळा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली कुठलाही सज्ञान माणूस, कसला आजार असो वा नसो, आधीच लिहून देऊ शकतो की पुढं मानसिक आजाराच्या झटक्यात निर्णयक्षमता गेली तर कुठले उपचार चालतील, कुठले नाहीत, आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण. तातडीच्या उपचाराला हा कागद आड येत नाही. झटका ओसरल्यावरचे शांत महिने हीच तो लिहायची वेळ.

मूल अठरा वर्षांचं झालं की

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या आईवडिलांच्या मनात एकच घोर असतो: आमच्या माघारी काय? त्याआधीचा एक टप्पा मात्र नजरेतून निसटतो. मूल अठरा पूर्ण झालं की कायद्याच्या नजरेत आईबापही आपोआप पालक उरत नाहीत. या चार अवस्थांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमून मिळतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. इतर अवस्थांत, आधार देऊनही निर्णय घेणं जमत नसेल तर, २०१६ च्या कायद्याचं कलम १४ मर्यादित पालकत्वाची सोय देतं. 'मर्यादित' म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळासाठी, आणि त्या माणसाशी सल्लामसलत करून.

पालक नेमताना आपल्याच वयाचा माणूस निवडू नका. सत्तरीतल्या बापानं पासष्टीतल्या काकाचं नाव घालून काही साधत नाही. आणि भावंडाचं नाव घालायच्या आधी त्याला आणि वहिनींना समोर बसवून विचारा. रोजची सेवा जिच्या वाट्याला येणार, तिला न विचारता ठरवलेली व्यवस्था टिकत नाही.

महापुराचं पान

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ दिवसेंदिवस बंद होता. मोठ्या उपचाराला एरवी आपण मिरज किंवा पुणं गाठतो, तीच वाट पाण्याखाली. जुलै २०२१ ला पुन्हा तेच. घरात ऑक्सिजनचं यंत्र, बायपॅप, सक्शन मशीन किंवा हवेची गादी असेल तर वीज जाणं हीच आणीबाणी असते. व्हीलचेअरसकट बोटीत बसवणं किती अवघड, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. पाणी ४३ ला गेल्यावर गल्ली हलायला लागते. पूररेषेत राहणाऱ्या अपंग माणसानं ३९ च्या आधीच, धरणांचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की, हलावं असं माझं ठाम मत आहे. चार वेळा उगीच हलावं लागलं तरी चालेल. कुणाच्या घरी जायचं, तिथं जिना आहे का, संडासात खुर्ची जाते का, हे उन्हाळ्यातच जाऊन बघा. मिरगाच्या आत महिनाभराची औषधं, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, आणि यंत्राला चालेल एवढ्या ताकदीची बॅटरी घरात असू द्या. फिटची औषधं एकाएकी बंद झाली तर झटके येतात, आणि स्नायूंचा ताठरपणा सैल करणारं बॅक्लोफेन अचानक थांबणंही धोक्याचं असतं.

पैशाचं थोडक्यात. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून ठेवा. ऐन आजारात ते निघत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या चार अवस्थांसाठी 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो आणि आधी तपासण्या कराव्या लागत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपल्या आजाराचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. खासगी विम्यात अपंग म्हणून दारातूनच परत पाठवलं तर गप्प बसू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामकानं अपंगांसाठी पॉलिसी ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. नकार लेखी मागा.

राहिलं घरातलं बोलणं, आणि खरं अवघड तेच. आपल्याकडं हा विषय काढला की आई म्हणणार, "अगं, तिन्हीसांजेला असलं वंगाळ काय बोलतीस?" मरणापासून सुरुवात केली तर बोलणं तिथंच तुटतं. "मला दवाखान्यात ठेवलं तर माझ्याजवळ कोण थांबेल?" इथून सुरू करा. मग, "मला सांगता आलं नाही तर तू काय सांगशील?" समोरच्याचं उत्तर आधी पुरतं ऐकून घ्या. आपल्या माणसांना आपल्याबद्दल काय वाटतं ते तिथं कळतं, आणि कुणाचं नाव कागदावर घालायचं तेही. सगळ्यात जास्त माया करणारा माणूस नेहमीच योग्य नसतो. डॉक्टरसमोर रडू आवरून तुमचं म्हणणं मांडेल आणि ते त्याच्या मनाविरुद्ध असलं तरी मांडेल, असा माणूस शोधा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला या बोलण्यातून बाहेर ठेवू नका. कुठला डॉक्टर आवडतो, सुई टोचताना कुणाचा हात धरायचाय, दिवा चालू हवा की बंद, हे त्याला सांगता येतं, आणि तेही त्याच्या पानावर जातं.

कागद कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवू नका. पहिलं पान प्लास्टिकमध्ये घालून व्हीलचेअरच्या मागच्या पिशवीत, एक फ्रिजच्या दारावर, आणि फोटो नेमलेल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. वर तारीख घाला. औषध बदललं, ऑपरेशन झालं किंवा नेमलेला माणूस गाव सोडून गेला की नवीन पान करा आणि जुनं फाडून टाका, कारण कॅज्युअल्टीत दोन वेगवेगळी पानं निघाली तर डॉक्टर एकावरही विसंबत नाहीत.